एकदाच पाठवलेला मेल सात वेळा पोहोचतो तेव्हा: शिरोलीतल्या एका फाउंड्रीचे प्रकरण

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मध्यम फाउंड्रीतून पुण्याजवळच्या एका ग्राहकाकडे कास्टिंग (ओतीव भाग) जातात. गाडी भरली की इन्व्हॉइस, मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट, इन्स्पेक्शन रिपोर्ट आणि पॅकिंगचे फोटो एका झिपमध्ये बांधायचे आणि ग्राहकाच्या परचेस, क्वालिटी, अकाउंट्स अशा तीन पत्त्यांवर एकाच मेलने सोडायचे, हा तिथला रोजचा शिरस्ता. इन्व्हॉइस वेगळी पीडीएफ म्हणूनही जोडलेली असते, कारण ग्राहकाच्या अकाउंट्सच्या मेलबॉक्समधून ती एक प्रोग्रॅम आपोआप उचलतो.

घोटाळा त्या प्रोग्रॅममुळेच उघडकीस आला. एकाच नंबरचे बिल पुन्हा पुन्हा येताना दिसले की तो त्यावर ‘डुप्लिकेट’ असा शेरा मारून पेमेंट रोखून धरतो. फाउंड्रीची तीन-चार बिले अशी अडकली. परचेसवाल्यांनी वेगळाच सूर लावला होता: दिवसातून सात-सात मेल करून आमच्यामागे तगादा कशाला लावता?

डिस्पॅचच्या मॅडम हैराण झाल्या होत्या. “सर, मी एकदाच सेंड केलंय. अंबाबाईची शपथ. सेंटमध्ये बघा की, एकच हाय!” मालकांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांचा प्रश्न सरळ होता: “माल एकदा गेला, मग कागद सात वेळा कोण पाठवतंय?”

फाउंड्रीचा मेल सर्व्हर आणि नेटवर्क आम्ही सांभाळतो. सर्व्हर त्यांच्याच ऑफिसात आहे: लिनक्सवर पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्रॅम), स्थिर आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता), पुढे एक फायरवॉल (आत-बाहेर जाणाऱ्या जोडण्यांवर पहारा ठेवणारे उपकरण). आमच्या आधी एकाने येऊन आउटलुक काढून पुन्हा टाकले होते. फरक पडला नव्हता, आणि पडण्याचे कारणही नव्हते.

सात प्रती शेजारी ठेवल्यावर

अशा तक्रारीत पहिला प्रश्न एकच. माणसाने बटण सात वेळा दाबले, की एकदा दाबलेले पत्र वाटेत कुणीतरी सात वेळा पुढे ढकलले? याचे उत्तर पत्राच्या हेडरमध्ये, म्हणजे मजकुराच्या वर असलेल्या तपशिलाच्या ओळींत असते. ग्राहकाच्या आयटीतल्या एका मुलाने सातही प्रतींचे पूर्ण हेडर काढून दिले (हे मिळवायलाच जास्त फोन लागले). सगळ्यांत मेसेज-आयडी (पत्राचा स्वतःचा ओळख-नंबर) एकच होता, डेट एकच होती. बटण प्रत्येक वेळी नव्याने दाबले असते तर दर वेळी नवा मेसेज-आयडी पडला असता. मॅडम सुटल्या.

पुढचा धागा रिसीव्ह्ड नावाच्या ओळींचा. पत्र ज्या ज्या सर्व्हरच्या हातातून जाते तो आपली एक ओळ वर चिकटवतो, म्हणून या ओळी खालून वर वाचायच्या असतात. सर्वांत खालची, म्हणजे फाउंड्रीच्या सर्व्हरची ओळ सातही प्रतींत अक्षरशः सारखी होती. वरची, ग्राहकाच्या सर्व्हरची ओळ मात्र प्रत्येकीत वेगळी, रांगेतला नंबर वेगळा, वेळ वेगळी. म्हणजे आमच्याकडे पत्र एकदाच आले, पण आमच्या सर्व्हरने ते त्यांच्या सर्व्हरला सात वेळा दिले.

आणखी एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. त्याच मेलची सीसी ट्रान्सपोर्टवाल्याला होती आणि त्याला एकच प्रत मिळाली होती. ग्राहकाच्या तिन्ही पत्त्यांना मात्र प्रत्येकी सात. सर्व्हर पत्त्यांची वाटणी डोमेननुसार, म्हणजे @ च्या पुढच्या नावानुसार करतो. एका डोमेनचे तिघे असतील तर त्यांच्यासाठी एकच संभाषण, ट्रान्सपोर्टवाल्याच्या डोमेनसाठी दुसरे. बिघाड पहिल्या संभाषणातच होता.

सात वेळा अशा होत्या: ११:०२, ११:२८, १२:२१, १३:४३, १५:०३, १६:२४ आणि १७:४६. आधी सव्वीस मिनिटांचे अंतर, मग त्रेपन्न, आणि पुढे सगळी ऐंशीच्या आसपास. माणूस अशा तालात मेल पाठवत नाही. एखादा प्रोग्रॅम फसून पुन्हा प्रयत्न करतो तेव्हाच असा ताल दिसतो. सहाव्या प्रतीपर्यंत तो स्वतःला अपयशी समजत होता आणि सातव्याला समाधानी झाला, एवढे यातून दिसत होते. पत्र प्रत्येक वेळी पोहोचत असताना त्याला अपयश का वाटावे, हे संभाषण उलगडल्याशिवाय कळणार नव्हते.

दोन सर्व्हर बोलतात काय

मेल सर्व्हर एकमेकांना पत्र देताना ज्या ठरलेल्या भाषेत बोलतात ती एसएमटीपी. तिचा मूळ नियमलेख जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिला, आरएफसी ८२१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नंबर दिलेले नियमलेख). सध्या सगळे ज्याचा हवाला देतात तो आरएफसी ५३२१ ऑक्टोबर २००८ चा. मधल्या काळात कितीतरी भर पडली, पण बोलण्याचा सांगाडा तोच राहिला: एकाने एक ओळ बोलायची, दुसऱ्याने तीन आकडी उत्तर द्यायचे. मेल घेणारा सर्व्हर २५ नंबरच्या पोर्टवर (मेलसाठी ठरलेल्या दारावर) बसलेला असतो, आणि गंमत म्हणजे फोन आपण लावला तरी पहिला शब्द त्याचा असतो. हाताने टाइप करून हे सगळे करता येते. ग्राहकाच्या सर्व्हरशी छोट्या चाचणी-पत्राने केलेले संभाषण असे झाले (खरी नावे बदलली आहेत):

तो: २२० एमएक्स.ग्राहक.उदाहरण ईएसएमटीपी
आपण: ईहेलो मेल.फाउंड्री.उदाहरण
तो: २५०-एमएक्स.ग्राहक.उदाहरण
तो: २५०-साइज ५२४२८८००
तो: २५० स्टार्टटीएलएस
आपण: मेल फ्रॉम:<डिस्पॅच@फाउंड्री.उदाहरण>
तो: २५० ओके
आपण: आरसीपीटी टू:<अकाउंट्स@ग्राहक.उदाहरण>
तो: २५० ओके
आपण: डेटा
तो: ३५४ मजकूर द्या, शेवटी एकटे टिंब
आपण: सब्जेक्ट: चाचणी … आणि खाली एक ओळ मजकूर
आपण: .
तो: २५० ओके, रांगेत घेतले
आपण: क्विट
तो: २२१ बाय

ईहेलो म्हणजे नमस्कार, मेल फ्रॉम म्हणजे पाठवणारा, आरसीपीटी टू म्हणजे ज्याला द्यायचे तो. आकड्यांमधला पहिला अंक महत्त्वाचा. २ म्हणजे झाले, ३ म्हणजे पुढचे द्या, ४ म्हणजे आत्ता नाही, नंतर या, ५ म्हणजे नाही म्हणजे नाही. २५० नंतर आडवी रेघ असेल तर उत्तर अजून संपलेले नाही. साइजची ओळ सांगते की हा सर्व्हर ५० एमबीपर्यंतचे पत्र घेतो. आमचे पत्र त्याच्या निम्मे होते, त्यामुळे तिथे अडचण नव्हती. अठरा एमबीची झिप मेलमध्ये घातली की चोवीसच्या वर जाते, कारण मेलमधली जोडणी साध्या अक्षरांत बदलून पाठवतात आणि त्यात साधारण एक तृतीयांश फुगवटा येतो.

मजकूर कुठे संपला हे सांगायला एका ओळीवर एकटे टिंब द्यायचे. मजकुरातच एखादी ओळ टिंबाने सुरू होत असेल तर पाठवणारा तिच्यापुढे आणखी एक टिंब लावतो आणि घेणारा ते काढून टाकतो. या प्रकरणाशी त्याचा संबंध नाही, पण हाताने टाइप करणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे.

छोट्या पत्राला टिंबानंतर २५० क्षणात आले. वाट मोकळी आहे, पत्ते बरोबर आहेत, ग्राहकाने आपल्याला कुठल्या काळ्या यादीत टाकलेले नाही, एवढे त्यावरून ठरले.

टिंब आणि २५० यांच्या मधे

सगळा खेळ शेवटच्या टिंबानंतरच्या शांततेत आहे. तोपर्यंत पत्राची जबाबदारी पाठवणाऱ्या सर्व्हरची. टिंबानंतरचे २५० बोलला की ती घेणाऱ्याची. आरएफसी ५३२१ इथे कडक आहे: एकदा हो म्हणालात की पुढे मशीन बंद पडले वगैरे सबबींवर पत्र हरवायचे नाही. म्हणून घेणारा सर्व्हर पत्र डिस्कवर नीट उतरवल्याशिवाय २५० म्हणत नाही, आणि पाठवणारा २५० ऐकल्याशिवाय आपली प्रत पुसत नाही.

आता हे २५० वाटेतच गेले तर? घेणाऱ्याच्या लेखी पत्र मिळाले, पाठवणाऱ्याच्या लेखी मिळाले की नाही ते ठाऊक नाही. अण्णांना हे सांगताना त्यांच्याच गेटवरचे उदाहरण दिले. गाडी पोहोचली, माल उतरला, पण सही-शिक्क्याची चलनाची प्रत ड्रायव्हरच्या हातून पडली. ऑफिसात बसलेल्याला माल उतरल्याचा पुरावा नाही. अण्णा म्हणाले, “मग माल पुन्हा पाठवतो व्हय कोण?” माणूस पाठवणार नाही, फोन करून विचारेल. एसएमटीपीत मात्र ‘मघाचे पत्र मिळाले का?’ असे विचारायची सोयच नाही. मग दोन पर्याय उरतात, गप्प बसून पत्र हरवण्याचा धोका घ्या किंवा पुन्हा पाठवून दोन प्रतींचा धोका घ्या. एसएमटीपीने दुसरा निवडला आहे, आणि माझ्या मते बरोबर निवडला आहे. दोनदा आलेले बिल दिसते तरी. न आलेले दिसतच नाही.

हा धोका काही नवा नाही. फेब्रुवारी १९८८ मध्येच क्रेग पार्ट्रिज यांनी नेमक्या याच विषयावर आरएफसी १०४७ लिहिला: टिंब मिळाल्यावर घेणारा सर्व्हर फार वेळ लावू लागला की पाठवणारा कंटाळून तोडतो, आणि प्रती वाढतात. आरएफसी ५३२१ त्याचा हवाला देऊन घेणाऱ्याला बजावते की टिंबानंतरचे उत्तर होता होईल तितक्या लवकर द्या. पाठवणाऱ्यालाही सांगते की या एका उत्तरासाठी दहा मिनिटे तरी थांबा. बाकीच्या पायऱ्यांना दोन ते पाच मिनिटांची मुदत आहे, सर्वांत मोठी इथेच. पोस्टफिक्सही ठरल्याप्रमाणे सहाशे सेकंद थांबतो.

फाउंड्रीच्या सर्व्हरचा लॉग (प्रोग्रॅम स्वतः ठेवतो ती नोंदवही) उघडला तर पोस्टफिक्सने सहा वेळा स्वच्छ लिहून ठेवले होते: शेवटची खूण पाठवताना संभाषणाची मुदत संपली, पत्र एकापेक्षा जास्त वेळा जाऊ शकते. प्रोग्रॅमने इतके स्पष्ट सांगूनही कुणी वाचले नव्हते, कारण मेल ‘जातोय’ असे दिसत असताना लॉग कोण उघडतो? त्याच ओळीत डिलेज म्हणून चार आकडे असतात: रांगेत येण्याआधीचा वेळ, रांगेतला, जोडणी करण्याचा आणि प्रत्यक्ष देवाणघेवाणीचा. पहिल्या प्रयत्नात चौथा आकडा सातशेच्या वर होता. दोन मिनिटे पत्र चढवण्यात आणि दहा मिनिटे उत्तराची वाट बघण्यात.

वेळांचा ताल इथे जुळतो. पोस्टफिक्स फसलेले पत्र पुन्हा कधी घ्यायचे हे त्याच्या वयावरून ठरवतो: जितका वेळ रांगेत गेला, साधारण तितकेच आणखी थांबायचे, पण चार हजार सेकंदांपेक्षा जास्त नाही. म्हणून अंतर आधी दुपटीने वाढले आणि मग थबकले. चार हजार सेकंद म्हणजे सहासष्ट मिनिटे चाळीस सेकंद. त्यात बारा मिनिटांचा प्रयत्न आणि रांग तपासण्याची चार-दोन मिनिटे मिळवली की ऐंशी भरतात.

दोन्ही लॉग खरे बोलत होते

ग्राहकाच्या आयटीवाल्याने त्यांचा लॉग वाचून दाखवला: ११:०२ ला जोडणी, ११:११ ला पत्र स्वीकारले, तिन्ही मेलबॉक्समध्ये टाकले. “आमच्याकडे सगळं हिरवं आहे,” तो म्हणाला, आणि ते खरे होते. आमच्या लॉगमध्ये ११:१४ पर्यंत वाट पाहून हार मानलेली होती. तेही खरे.

त्यांनी ११:११ ला हो म्हटले आणि आम्ही ११:१४ पर्यंत ऐकत होतो, तर तो हो कुठे गेला?

दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या. पहिली ग्राहकाकडची. त्यांनी पत्रातल्या फाइल तपासणारा नवा स्कॅनर बसवला होता आणि तो पत्र रांगेत घेण्याआधी, म्हणजे नेमका टिंब आणि २५० यांच्या मधे काम करत होता. झिप उलगडायची, आतली प्रत्येक फाइल तपासायची, मग निकाल द्यायचा. दिवसा सगळीकडून पत्रे येत असताना आमच्या झिपला सहा-सात मिनिटे लागत. या पद्धतीला एक चांगली बाजू आहे: पत्र वाईट निघाले तर त्याच संभाषणात ५५४ म्हणून दारातून परत लावता येते, नंतर परतीचे पत्र पाठवण्याची वेळ येत नाही. पण किंमत शांततेची, आणि ती मोठ्या पत्रांना परवडत नाही.

दुसरी गोष्ट आमच्या बाजूची. दोन मशीन ज्या जोडणीवरून बोलतात तिला टीसीपी जोडणी म्हणतात. फाउंड्रीच्या फायरवॉलवर नुसत्या बसून राहिलेल्या टीसीपी जोडणीची मुदत तीनशे सेकंद होती. चालू जोडण्या लक्षात ठेवणारा कनेक्शनचा तक्ता भरतो म्हणून पूर्वी कधीतरी खाली आणलेली. पाच मिनिटे दोन्हीकडून एकही पॅकेट (माहितीचा तुकडा) गेले नाही की फायरवॉल ती जोडणी विसरून जायचा, कुणालाही न सांगता. ११:०४ ला टिंब गेले, ११:०९ ला फायरवॉल विसरला, ११:११ ला २५० दारात आले तेव्हा हे कुणाचे पॅकेट हे ओळखणारे कुणी उरले नव्हते.

याची खात्री पॅकेट पकडून केली, फायरवॉलच्या आत एक आणि बाहेर एक अशी. स्टार्टटीएलएसमुळे (संभाषण कुलूपबंद करण्याची सोय) आतला मजकूर वाचता येत नाही, पण इथे वाचायची गरज नव्हती. वेळ आणि आकार पुरेसा होता. बाहेरच्या बाजूला सातव्या मिनिटाला एक छोटे पॅकेट येते, उत्तर मिळत नाही म्हणून तेच पुन्हा येते, थोडे थांबून पुन्हा. आतल्या बाजूला त्या वेळी पूर्ण सामसूम.

इथे एक गैरसमज नेहमी भेटतो: “टीसीपी आहे ना, मग पोहोचल्याची खात्री असतेच.” टीसीपीची पोच म्हणजे बाइट्स पलीकडच्या मशीनपर्यंत गेले. पलीकडच्या मेल सर्व्हरने ते पत्र म्हणून स्वीकारले की नाही हे फक्त २५० सांगते. आमचे सगळे बाइट्स सातही वेळा पोहोचले होते.

सातवा प्रयत्न पावणेसहाचा. तोवर ग्राहकाकडची गर्दी ओसरली होती, स्कॅनरने दोन मिनिटांच्या आत निकाल दिला, फायरवॉलला विसरायला वेळ मिळाला नाही आणि पोस्टफिक्सने पत्र रांगेतून काढले. सकाळी निघालेल्या गाड्यांचेच मेल वाढतात आणि संध्याकाळचे नाहीत, असे मॅडम आधी बोलल्या होत्या. त्याचे कारण हेच.

काय केले, काय केले नाही

त्याच दिवशी करता येण्याजोगे काम अण्णांनीच सुचवले: फोटो बारीक करा. झिपमधला बहुतेक बोजा मोबाइलच्या फोटोंचा होता. ते लहान केल्यावर झिप तीन एमबीच्या आत आली आणि स्कॅनर तिला काही सेकंदांत सोडू लागला. यात बिघाड दुरुस्त झाला नाही, पण बिले अडकायची थांबली.

खरी दुरुस्ती फायरवॉलवर. आरएफसी ५३८२ सांगते की आयपी बदलून देणाऱ्या उपकरणाने जुळलेली टीसीपी जोडणी दोन तास चार मिनिटांच्या आत विसरू नये. हा विचित्र आकडा येतो कुठून? टीसीपीचा कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत आहे का हे बघणारी हाक) ठरल्याप्रमाणे दोन तासांनी जागा होतो, त्याला संधी मिळावी म्हणून. सगळ्या जोडण्यांना इतकी मुदत दिली असती तर तक्ता पुन्हा भरला असता, म्हणून मेल सर्व्हरकडून बाहेर २५ नंबरच्या पोर्टवर जाणाऱ्या जोडण्यांपुरती दिली. त्यानंतर जुनी अठरा एमबीची झिप भर दुपारी मुद्दाम पाठवून बघितली. टिंबानंतर साडेसहा मिनिटे शांतता, मग २५०. एकच प्रत.

दोन सूचना आम्ही मानल्या नाहीत. एक होती पोस्टफिक्सची दहा मिनिटांची मुदत कमी करण्याची, “म्हणजे लवकर मोकळा होईल.” तो लवकर मोकळा झाला असता आणि त्याने पत्र लवकर पुन्हा पाठवले असते, सातच्या दहा प्रती झाल्या असत्या. दुसरी, पुन्हा प्रयत्न करणेच बंद करा. मग पलीकडचा सर्व्हर पाच मिनिटे बंद असला तरी इन्व्हॉइस गेली नसती.

ग्राहकाच्या आयटीला लेखी कळवले की मोठ्या पत्रांचे स्कॅनिंग रांगेत घेतल्यानंतर करा, नाहीतर त्याला वेळेची मर्यादा घाला. मेलबॉक्समध्ये टाकताना मेसेज-आयडी बघून दुसरी प्रत गाळायचीही सोय असते. सीव्ह (मेलबॉक्समध्ये येणारी पत्रे लावण्या-गाळण्याची भाषा) नियमांत त्यासाठी आरएफसी ७३५२ आहे. त्यांनी अकाउंट्सच्या मेलबॉक्सला तो नियम लावला. स्कॅनर आहे तिथेच आहे. दोष कुणाचा, असे अण्णांनी विचारले तेव्हा आम्ही सांगितले की नियमाने बघितले तर उशीर त्यांचा आणि विसरभोळेपणा आपला, आणि यातले एक जरी नसते तरी कुणाला काही कळले नसते.

शेवटी लॉगमधली ती ‘एकापेक्षा जास्त वेळा’वाली ओळ रोज सकाळी शोधून आम्हाला पाठवणारी छोटी स्क्रिप्ट लावली. जुन्या लॉगवर ती चालवली तर हुबळीकडच्या आणखी एका ग्राहकाचे नाव वर आले. त्याच्याकडे कित्येक दिवस प्रत्येक मोठा मेल दोनदा जात होता. डिस्पॅचच्या मॅडमनी फोन केला तर पलीकडून उत्तर आले, “आम्हाला वाटलं तुमच्यात दोनदा पाठवायचीच पद्धत आहे.”